मॅनी अँड पार्टी, मानवत

माझा भाऊ गायला लागला की अप्पा रेडिओ मोठा करायचे. रेडिओवर शेतीचा कार्यक्रम असो, बातम्या असोत की नुसती खरखर असो, कान पिळून आवाज वाढवायचा. मानवतची आमची गल्ली म्हणजे एकमेकांना पाठी लावून बसलेली घरं. त्यामुळे तुरीवरच्या अळीचा बंदोबस्त आणि मन्मथदादाची किंकाळी असं दोन्ही एकाच वेळी सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. शेजारच्या काकू भिंतीवरून आईला विचारायच्या, "मन्मथला इंचू चावला का काय वो?" आई म्हणायची, "न्हाई वो, रियाज चालू हाय." हा शब्द आईनं कुठून उचलला होता देव जाणे, पण तिला तो फार उपयोगी पडला. दादा ओरडला तर रियाज. दादा दुपारी बारापर्यंत लोळत पडला तर रियाजानं दमलाय. दादाच्या तोंडाला वास आला तर घशाचं औषध घेतलंय, रियाजासाठी. आईच्या रियाजावर आमच्या घराची अब्रू चार-पाच वर्षं तरी तगून राहिली.

आम्ही लिंगायत. आडतीचा धंदा, दारात पोत्यांची थप्पी, घरात सोमवारचं शिवभजन. प्रत्येकाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीची इवलीशी डबी आणि डबीत इष्टलिंग. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत महाराज ते गळ्यात बांधतात, आणि माणूस गेला की ते त्याच्याबरोबर मातीत जातं. सकाळी अंघोळ करून कपाळाला भस्म लावायचं, लिंग डाव्या तळहातावर घेऊन त्यावर पाणी घालायचं, बेलाचं पान वाहायचं, आणि मगच तोंडात घास. अप्पा या बाबतीत भारी कडक होते. फक्त आडतीवर जाताना स्टँडवरच्या हॉटेलात पूजेआधी कपभर चहा घ्यायचे, आणि तो चहा अन्नात मोडत नाही असं त्यांचं मत होतं. आणखी एक नियम आम्हाला पाढ्यासारखा पाठ होता: लिंग हरवलं तर मठाच्या महाराजांनी नवं बांधेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, उंबरा ओलांडायचा नाही. हा नियम कुणी पाळलेला मात्र मी पाहिला नव्हता. सेलूच्या काकांचं लिंग एकदा एसटीत पडलं तेव्हा ते महिनाभर नुसता दोरा गळ्यात घालून दोन्ही वेळा पोटभर जेवत होते, हे सेलूची काकूच पदर तोंडाला लावून सांगायची.

अशा घरात ते गाणं शिरलं कसं, तर आमच्या माडीवर कालव्याच्या कामावरचा एक गोव्याचा ओव्हरसियर राहायला होता. त्याची बदली झाली आणि तो एक टेप आणि सहा कॅसेटी मागं विसरून गेला. त्यात परदेशातले कुणी गायक होते. एक बाई तर अशी गायची की जणू तिच्या डोळ्यांदेखत घर जळतंय आणि ती विझवायला न जाता गातेय. दादाला त्यातला एक शब्द कळत नव्हता. दहावीला इंग्रजीत तो दोनदा बसला होता आणि दोन्ही वेळा बसलेलाच राहिला. पण तो टेप कानाशी लावून पोत्यांच्या थप्पीवर पालथा पडायचा, आणि खाली उतरायचा तेव्हा डोळे लाल. मी तेव्हा त्याला हसायचे. आता माझी नात कानात बोंडं घालून तशीच पडलेली असते, तिला काही म्हणायची माझी टाप नाही.

मग पार्टी निघाली. 'मॅनी अँड पार्टी, मानवत', आणि खाली बारीक अक्षरात 'लग्न, मुंज, जावळ व इतर दुःखद प्रसंग टाळून'. हा मजकूर दादाचाच. मन्मथचं मॅनी त्यानंच केलं. बेंजो वाजवणारा एक, कॅसिओ वाजवणारा एक, हे दोघं दर हंगामाला बदलायचे. कायम होता तो रज्जाक, लग्नाच्या बँडमधला ढोल-ताशावाला. त्यानं बँडचेच ड्रम घोंगडीवर मांडून असा काही ठोका धरला होता की दादाचं ओरडणं त्यावर बसायचं. दादासाठी चमकीचं जाकीट आईनं शिवलं, माझ्या परकराच्या काठाचं. ते घालून, गळ्यात चार साखळ्या आणि त्यात हे लिंग, वरची तीन बटणं उघडी, असा तो स्टेजवर यायचा. जिंतूरच्या पोरांना वाटायचं ती चांदीची डबी म्हणजे फॅशनच आहे, आणि काही पोरांनी तपकिरीच्या डब्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातल्याही होत्या.

सिनेमाची गाणी तो नाइलाजानं म्हणायचा. त्याची स्वतःची गाणी वेगळी, आमच्याच बोलीतली. त्यातलं एक फार चाललं: "कापूस पेटला गं, कापूस पेटला, तू नुस्ती हासलीस आन् गाव पेटला." कागदावर यात काही नाही हे मलाही दिसतं. पण 'पेटला' म्हणताना त्याचा आवाज मधून फाटायचा, फडकं टराटरा फाडावं तसा, आणि त्या फाटलेल्यातून आत काहीतरी दिसायचं. पुढं बसलेले बाप्ये फेटे सावरायचे, बायका एकदम गप्प व्हायच्या. एका जिनिंगच्या पूजेला त्यानं हेच गाणं म्हटलं. मालकाच्या अंगणात कापसाचे डोंगर आणि हा ओरडतोय कापूस पेटला. मालकानं प्रसाद न देता हाकलून दिलं. सेलूत तो स्टेजवरून पडला आणि पडूनच गाणं पूर्ण केलं. चारठाण्याजवळच्या एका लग्नात त्याचं गाणं ऐकून नवरी अशी रडायला लागली की थांबेना, शेवटी वऱ्हाडानं आधी नवरीला आणि मग दादाला पाणी मारलं. तो पिऊन होताच. पिल्याशिवाय तो आवाज फाटत नाही असं त्याचं म्हणणं होतं, आणि अप्पांचं म्हणणं होतं की मग न फाटलेला घालून बस की घरात.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेलं असतं, पण मी लग्नाची होते. दोन स्थळं दादावरून मोडली. एकांनी तर स्पष्टच विचारलं, "तो जिंतूरला उघड्या छातीनं ओरडतो, तो तुमचाच ना?" अप्पा म्हणाले, "लांबचा हाय." दादा तेव्हा आतल्या खोलीत, म्हणजे फार तर दहा पावलांवर होता. तिसरं स्थळ उदगीरचं, घर मोठं, मुलगा कापडाच्या दुकानातला. ते रविवारी मला बघायला येणार होते. आणि नेमक्या त्याच शनिवारी परभणीला मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस येणार होता, दादाला ऐकायला. रज्जाकनं जिंतूरच्या एका कार्यक्रमाची टेप करून त्याला पाठवली होती, आणि त्या माणसाचं उत्तर आलं होतं. आठ-दहा ओळींचं ते पत्र दादानं इतक्यांदा उघडून मिटलं की घडीवर त्याचे चार तुकडे झाले. "नंदे," तो मला म्हणाला, "ह्या माणसाला माजा आवाज कळलाय. मानवतात येका बी माणसाला कळला न्हाई, आन् ह्याला तिकडं बसून कळलाय." मानवतातल्या माणसांत मीही होते. मला राग आला.

बुधवारी जिंतूरला कार्यक्रम झाला. गुरुवारी सकाळी दादा अंघोळ करून ओल्या पंचानं बाहेर आला, आणि त्याचा हात छातीवर काहीतरी शोधत होता. "नंदे, माजं लिंग बघितलंस का?"

अप्पा पेपरातून म्हणाले, "बघ त्या साखळ्यांत आसंल. कुत्र्यावानी पट्टे घालतोस."

"न्हाई अप्पा. दोरा तुटलाय. न्हाई."

त्यानं अंथरूण झटकलं, पिशव्या उलट्या केल्या, पहिल्या एसटीनं जिंतूरला माणूस पाठवून मंडपाची जागा झाडून घेतली. काही नाही. मग तो बाजेवर येऊन बसला. आईनं सुशीला केला होता, चुरमुऱ्यांचा, वर शेंगदाणे, हिरवी मिरची. तिनं ताटली त्याच्यापुढं ठेवली आणि हळूच म्हणाली, "खा रे थोडं. कोन बघायलंय?"

"मी बघायलोय की," दादा म्हणाला, आणि त्यानं ताटली सरकवली.

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. हा माणूस सोमवारी दारू पिणारा. कोंबडी कुठं चांगली मिळते हे रज्जाकला विचारणारा. अप्पांच्या भजनाला 'म्हाताऱ्यांची शाळा' म्हणणारा. आणि आमच्या सगळ्या खानदानात तो नियम पाळायला उभा राहिला तो हा. सेलूच्या काकांनी दुसऱ्या दिवशी येऊन त्याला समजावलं, की बाबा, इतकं कुणी करत नसतं. दादानं त्यांच्या गळ्यातल्या दोऱ्याकडं नुसतं पाहिलं. काका चहा न घेता गेले.

लिंग मला सापडलं. गुरुवारीच, अंगणात धुण्याच्या दगडावर जाकीट घासताना अस्तरात काहीतरी टणक लागलं. दोरा तुटून डबी आत घसरली होती. मी ओरडणार तेवढ्यात आतून अप्पांचा आवाज आला. ते आईला सांगत होते, "बरंच झालं म्हन. म्हाराज रविवारशिवाय मठात येत न्हाईत. शनिवारचं परभणी टळलं. उदगीरचे येऊन जाऊ दे, मग सोमवारपासून ह्यानं काय बी करावं." मी हात पुसले, डबी मुठीत धरून स्वयंपाकघरात गेले आणि उडदाच्या पापडाच्या डब्यात अगदी तळाशी ठेवली. तो डबा पाहुणे आल्याशिवाय उघडायचा नाही असा आईचा दंडक होता. अप्पांच्या मनासारखं व्हावं म्हणून मी हे केलं, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. अप्पांनी मला काहीही सांगितलं नव्हतं. मला उदगीर पाहिजे होतं, आणि जरा आणखी खणलं तर, मानवतातल्या ज्या माणसांना आवाज कळला नव्हता त्यांच्यातून एकट्या दादानं सुटून जावं हे मला बघवत नव्हतं.

पाण्याचा प्रश्न संगय्या स्वामींनी सोडवला. हे आमचे घरचे जंगम, गल्लीतल्या सगळ्या पूजा त्यांच्याकडं. मठाच्या महाराजांशिवाय आमच्या घराण्यात कुणी लिंग बांधायचं नाही, म्हणून नवं बांधायला ते तयार नव्हते. पण त्यांच्या पायाचं तीर्थ चालेल असा निवाडा त्यांनी दिला. मग दिवसातून तीनदा स्वामींना पाटावर बसवायचं, पाय धुवायचे आणि ते पाणी दादानं प्यायचं. मे महिन्यातलं मानवत. पहिल्या दिवशी दादा पळीभर प्यायला. दुसऱ्या दिवशी तांब्या. संध्याकाळी म्हणाला, "स्वामी, दुसरा पाय बी धुवा की." स्वामींच्या पायांना जन्मात इतकं पाणी लागलं नसेल. टाचांच्या भेगा मऊ पडल्या असं ते स्वतःच कौतुकानं सांगत होते.

शुक्रवारी दादाचे हात थरथरायला लागले. ते भुकेनं की दारू नसल्यानं, कळायला मार्ग नव्हता. आई मुद्दाम येसराची आमटी करायची नाही, वास जाईल म्हणून, नुसती भाकरी आणि चटणी आम्ही परसात बसून खायचो. सकाळी माझ्या डाव्या तळहातावर माझं लिंग, त्यावर पाणी, वर बेल, आणि माझी नजर फळीवरच्या पापडाच्या डब्यावर. मग मी जेवायचे. व्यवस्थित जेवायचे, हे लिहायला पाहिजे. त्याच दुपारी दादानं ब्लेड घेतलं आणि जाकिटाचं सगळं अस्तर उसवून काढलं, शिवण न् शिवण, चिंध्या करून आमच्यासमोर झटकली. "ह्यात बी न्हाई," तो म्हणाला.

रज्जाक आला तेव्हा दादा भिंतीला टेकून बसला होता. रज्जाकनं कपाळावर हात मारला. "मन्या, कल वो साब आता. एक डबी के वास्ते बंबई छोडता क्या रे?"

"तू रोज्यात पाणी पितोस का?"

रज्जाक पायातल्या चपलेशी खेळत राहिला. मग म्हणाला, "ठीक हय. तू नक्को आ. मैं उनकूच इदर लातूं."

आणि त्यानं आणलं. शनिवारी दुपारी जीपमधून सफारी घातलेला एक गृहस्थ उतरला, आमच्या बैठकीत गादीवर बसला आणि घाम पुसत पोत्यांकडं बघत राहिला. अप्पांना त्याला हाकलता येईना, कारण पाहुणा. आईनं सरबत दिलं. संगय्या स्वामी दुपारच्या पायांसाठी आलेच होते, तेही बसले. दादा आतून आला. धुतलेलं धोतर, कपाळाला भस्म, तीन दिवसांत गालफडं बसलेली. ड्रम नव्हते, कॅसिओ नव्हता, भजनाची पेटी तेवढी होती. रज्जाकनं एका पोत्यावर हातानंच ठेका धरला आणि दादानं कापूस पेटवला.

कापूस पेटला नाही. तीन दिवस दारू नाही, अन्न नाही, ओरडायला पोटात बळ नाही. 'पेटला'वर आवाज फाटायच्या ऐवजी अलगद वर गेला आणि तिथंच राहिला, स्वच्छ. गाणं अंगाईसारखं वाजायला लागलं. दादा मध्येच थांबला. त्याच्या तोंडावर जे आलं ते मी विसरलेले नाही. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं. त्या गृहस्थानं विचारलं, "दुसरं काही?" दादानं डोळे मिटले आणि आई धान्य पाखडताना गुणगुणायची ते महादेवाचं भजन म्हणायला लागला. गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. आईच्या डोळ्यांना धार लागली. अप्पांचा हात मांडीवर ताल धरत होता, रेडिओकडं गेला नाही. मलाही रडू आलं. त्या आवाजाला तोड नव्हती आणि तो आवाज दादाचा नव्हता.

गृहस्थ म्हणाले, "आवाज गोड आहे. पण मी टेपवर ऐकला तो हा नव्हे. तसा मी अजून कुठं ऐकला नाही, म्हणून इतक्या लांब आलो." मग, धंद्याचा माणूस असल्यामुळं, म्हणाले, "भक्तिगीतं करायची असली तर बघू. तुमच्या भागात खप आहे."

दादा म्हणाला, "साहेब, भजनं आमच्या घरात सगळेच म्हनतेत. चार दिस थांबा. मला लिंग बांधू द्या, जेवू द्या, मग परभणीला येऊन म्हनून दाखवतो. त्योच आवाज." गृहस्थ म्हणाले, "मी चार दिवस नांदेडला आहेच. जाताना ऐकतो." एवढंच. यात सगळं होतं. चार दिवसांत दादा जेवला असता, प्यायला असता, फाटला असता. पण तो उठायला गेला आणि त्याचा तोल गेला. रज्जाकनं धरलं. डोळे पांढरे झाले होते. आई किंचाळली आणि मी स्वयंपाकघरात पळाले, डबा उपडा केला, पापड जमिनीवर, डबी उचलून साडीला पुसली आणि बाहेर येऊन ओरडले, "सापडलं! सापडलं!"

"कुठं?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

माझ्या तोंडून निघालं, "जाकिटाच्या अस्तरात."

त्या अस्तराच्या चिंध्या सगळ्यांनी काल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. मी चूक काय केली हे मला त्या क्षणी कळलं, पण तोवर स्वामी उठून उभे राहिले होते. "भजन म्हनलं आन् महादेव परत आला!" ते म्हणाले, आणि दारातल्या बायकांनी हात जोडले. अप्पांनी, ज्यांनी आयुष्यात दादाला हात लावला तो फक्त मारायला, त्याचं डोकं छातीशी धरलं. घरातली पोरगी खोटं बोलत असेल हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. महादेव चिंध्यांत प्रकट झाला हे त्यापेक्षा पटायला सोपं होतं. पायात बूट चढवत असलेले गृहस्थ परत येऊन गादीवर बसले.

दादानं डबी हातात घेतली. "नंदे, खरंच अस्तरात हुतं?"

"हाव."

"मी उसवलं हुतं की सगळं."

"न्हाई दिसलं आसंल."

"मी दोनदा बघितलं." तो माझ्याकडं बघत होता, पण त्याला मी दिसत नव्हते. त्याला भीती वाटत होती. मग तो गृहस्थांकडं वळला आणि म्हणाला, "साहेब, भजनाचीच कॅसेट करू." रज्जाकचा दादाला धरलेला हात सुटला.

पुढचं सगळं फार छान झालं. कॅसेटीवर दादाचा फोटो, कपाळभर भस्म, आणि मागच्या बाजूला छापलेलं: लुप्त झालेलं लिंग भजनानं कसं प्रकटलं. उदगीरचे रविवारी आले ते मला बघायला नाही, ती बैठक बघायला. मी पास झाले, कारण लिंग माझ्याच हाताला लागलं होतं. सासरी मला ती हकीकत हळदीकुंकवाला सांगायला लावायचे. मी सांगायचे. पहिल्यांदा चाचरत, मग बरी, मग इतकी चांगली की चिंध्यांतून उजेड आल्याचं मीच भर घालून सांगायला लागले. बायका पाया पडायच्या. हे मी चाळीस वर्षं केलं. माणसाला खोटं पचायला त्रास होतो म्हणतात, मला तर ते अंगी लागलं.

रज्जाक 'मुबारक हो मन्या' म्हणून गेला तो लग्नाच्या बँडमध्ये परत, आमच्या उंबऱ्याला पुन्हा आला नाही. दादाच्या अकरा कॅसेटी निघाल्या. हिंगोलीपासून बिदरपर्यंत सोमवारी पहाटे देवळांच्या भोंग्यांवर तोच वाजायचा, अजून वाजतो, आता मोबाइलमधून भोंग्याला जोडतात एवढाच फरक. लोक त्याचे पाय धुऊन पाणी प्यायला लागले. तो ते नाही म्हणायचा नाही, पाय पुढं करायचा आणि दुसरीकडं बघायचा. लग्न केलं नाही. पिणं सुटलं नाही, फक्त आता दार लावून, आणि आई जाईपर्यंत त्यालाही रियाजच म्हणत होती. माझ्या मुलाच्या बारशाला मी एकदा म्हटलं, दादा, ते कापसाचं म्हण की. त्यानं अशा नजरेनं पाहिलं की मी पेढ्याचं ताट घेऊन दुसरीकडं गेले.

गेल्या उन्हाळ्यात मी मानवतला गेले. दादाचं लिव्हर गेलेलं, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलेलं. आवाज तर आधीच गेला होता, बोलला तरी नुसती हवा यायची. सोमवार होता, देवळावरून त्याचंच भजन येत होतं, ते स्वच्छ, तीन दिवसांच्या उपाशी पोटाचं. मी खिडकी लावून घेतली आणि त्याला सांगितलं. सगळं, धुण्याच्या दगडापासून. त्याचं मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. माझं व्हावं म्हणून.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "पापडाच्या डब्यात?"

"हाव."

तो हसला. खोकला येईपर्यंत हसला, मी पाठीवर हात फिरवला.

"मंजी महादेवानं बोलावलंच न्हवतं मला."

"न्हाई, दादा."

"आन् मी त्याला शिव्या देत बसलो, नंदे. सकाळी भजन म्हनायचं, आन् दार लावलं की शिव्या. आई-भनीवरून. म्हनायचो, येवढ्या दुनियेत तुला माजंच गाणं कामून पायजे हुतं? येवढी वर्सं. आन् त्या बिचाऱ्याला काई ठावूकच न्हाई."

मी म्हणाले, "मला दे. त्या शिव्या मला दे आता."

त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. ओठ हलले. मी वाट बघत होते, आणि खरं सांगते, मला त्या पाहिजे होत्या.

"तू धाकटी हायस," तो म्हणाला, आणि भिंतीकडं तोंड करून त्यानं कूस बदलली.